तीन महिन्यांचा पास

शांताराम पाष्टेला अख्खी इमारत ‘पासवाले काका’ म्हणत असे. तोंडावर म्हणत, पाठीमागे म्हणत, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. वसईजवळ माणिकपूरच्या त्या तीन मजली इमारतीत संगमेश्वरचे, साताऱ्याचे, दादरची जागा विकून आलेले असे सगळे नोकरदार लोक होते, आणि सगळ्यांची पोटं मुंबईत. अशा ठिकाणी रेल्वेच्या तिकिटात चार पैसे कसे वाचवावेत हे ज्याला ठाऊक, त्याच्या दाराशी चपला पडायच्याच.

आणि शांतारामला खरंच ठाऊक असे. एक एप्रिलपासून भाडेवाढ लागणार असली की मार्च संपायच्या आत पास काढून ठेवा, जुन्या दराने चालतो. शनिवारी पास संपला तर रविवारी खिडकीकडे फिरकू नका, सोमवारी सकाळी काढा, मधला रविवार वाचतो. टप्पा तोच असेल तर पास दोन स्टेशनं पुढचा घ्या, पैसे तेवढेच पडतात आणि कधी पुढे जायची वेळ आली तर सुटं तिकीट नको. कॉलेजच्या पोरांनी कन्सेशनचा फॉर्म कधी घ्यावा, कुपनं कुणाला परवडतात आणि कुणाला नाहीत, हे सगळं तो जिन्यात उभ्याउभ्या सांगे. सांगताना त्याचा चेहरा इतका खुले की ऐकणाऱ्याला वाटावं, वाचलेले पैसे याच्याच खिशात जाणार आहेत.

पण त्याचा मुख्य नियम एकच होता. पास काढायचा तो तीन महिन्यांचा. खिडकीवर त्याला क्वार्टरली म्हणत. तीन महिन्यांच्या पासाला पुरते तीन महिन्यांचे पैसे पडत नाहीत, थोडे कमी पडतात, हे तर झालंच. पण शांतारामला त्यात पैशापलीकडचंही काही दिसे. समोरच्या पॉलिनबाईंचा मुलगा कॉन्रॅड गोरेगावला एका कंपनीत लागला, तेव्हा नोकरी अजून कच्ची होती. तो म्हणाला, “काका, सध्या मंथलीच काढतो. पुढचं पुढे बघू.” शांताराम त्याच्यावर खेकसलाच. “मंथली कोण काढतो माहीत आहे? ज्याने मनातून आवराआवर सुरू केलेली असते तो. नोकरी टिकणार असं धरून चाल आणि गुपचूप क्वार्टरली काढ.” कॉन्रॅडने काढला, नोकरी टिकली, आणि तेव्हापासून दर नाताळाला पाष्ट्यांच्या घरी केकचा मोठा तुकडा येऊ लागला.

वर्षातून एकदाच हे गणित जरा नाजूक होई, ते गणपतीला. गणपतीचे दहा दिवस पाष्टे मंडळी गावाला, संगमेश्वरच्या पुढे. त्या दहा दिवसांत खिशात चालू पास असणं ही शांतारामच्या लेखी निव्वळ उधळपट्टी. म्हणून नवीन कॅलेंडर भिंतीवर टांगतानाच तो चतुर्थी बघून घेई, आणि मग मधल्या सुट्ट्यांत पास एकदोन दिवस मोकळा ठेवत ठेवत असं जमवून आणी की बरोबर गावाला निघायच्या वेळेस तो संपावा. त्याची बायको आशालता म्हणे, “गौरी कधी येतात ते मला पंचांगात बघावं लागत नाही. यांचा पास संपला की पिशव्या भरायला घ्यायच्या.” शांताराम हसे. इतक्या वर्षांत गणपतीत त्याचा एक दिवसही फुकट गेला नव्हता.

त्या वर्षी उन्हाळ्यात आशालताचा घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग पोळी, मग मऊ भातसुद्धा. पाण्याचा घोट घेऊन ती तो खाली ढकली आणि कुणी बघितलं नाही ना म्हणून इकडेतिकडे बघे. वसईच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. चर्नी रोडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात दुर्बीण घालून बघितलं, आतला तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शांतारामला आणि त्याच्या मुलाला, जितेंद्रला, आत बोलावलं. आशालता बाहेर बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

“अन्ननलिकेचा कॅन्सर आहे, आणि बाहेरही पसरलाय,” बाई म्हणाल्या. वयाने लहान होत्या, पण शब्द चावत नव्हत्या. “सहा आठवडे किरणांचा शेक देऊ. त्याने घास उतरायला लागेल, त्यांना खाता येईल. तेवढं आपण करू शकतो. बाकी दोन महिने, फार तर तीन. त्यापुढचं धरून चालू नका.”

जिन्यात जितेंद्रने बापाचा दंड धरला. तो बायकोबरोबर, स्वप्नाबरोबर, नालासोपाऱ्याला वेगळा राहत असे, पण आईवर त्याचा जीव होता. “बाबा, आईला यातलं काही कळता कामा नये. गाठ आहे, शेकाने विरघळेल, एवढंच सांगायचं. कळलं तर ती आजच हातपाय गाळेल.” शांतारामने मान हलवली. त्या काळी असंच करत. आजार घरात सगळ्यांना ठाऊक आणि ज्याला झालाय त्यालाच नाही, याला लोक माया समजत. शांतारामला ते पटलं होतं की नाही, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्याला एवढंच वाटलं, की तो शब्द बायकोसमोर आपल्या तोंडून निघणार नाही.

शांतारामची नोकरी हॉस्पिटलपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, एका कापडाच्या पेढीत हिशेब लिहिण्याची. शेठ मोठ्या मनाचा निघाला. “पाष्टे, बाईंना रोज बरोबर घेऊन या. शेक झाला की आतल्या खोलीत पडू द्या, आणि दुपारीच दोघं घरी निघा,” तो म्हणाला. सकाळची गर्दी उलटल्यावर निघायचं, संध्याकाळची सुरू व्हायच्या आत परतायचं, असं ठरलं. म्हणजे आशालतालाही पास लागणार होता.

तिच्या आयुष्यातला तो पहिला पास. मुंबईला ती वर्षातून दोनचारदा जाई, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या बारशाला, आणि तेवढ्यापुरतं रिटर्न तिकीट निघे. पासाला ओळखपत्र लागतं आणि ओळखपत्राला फोटो, म्हणून शांताराम तिला नाक्यावरच्या स्टुडिओत घेऊन गेला. तिने जांभळी साडी नेसली होती. स्टुडिओतल्या आरशासमोर तिने कुंकू पुन्हा नीट केलं, केसांवरून हात फिरवला आणि स्टुलावर ताठ बसली.

“काकू, जरा हनुवटी वर,” फोटोवाला म्हणाला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “लग्न ठरवताना दाखवायला काढला होता, त्यानंतर माझा एकटीचा फोटो हाच बरं का.” ती चक्क खूश होती. दुसऱ्या दिवशी फोटोच्या प्रती मिळाल्या. एक ओळखपत्राला लागली. उरलेल्या शांतारामने पाकिटात घातल्या, आणि घालता घालता त्याच्या मनात येऊन गेलं, की यातली एक मोठी करून घ्यावी लागेल. असलं काही आपल्या मनात यावं याबद्दल त्याने स्वतःला शिवी घातली.

वसई रोडच्या पासाच्या खिडकीवर काळूराम नावाचा क्लार्क बसे. इथलाच, खाडीकडच्या गावातला. शांतारामशी त्याची जुनी ओळख. शांतारामने स्वतःचा पास त्याच्याकडूनच दोन दिवसांपूर्वी घेतला होता, नेहमीसारखा तीन महिन्यांचा, सप्टेंबरात गणपतीच्या तोंडावर संपणारा.

“बोला, पाष्टेसाहेब. आज कोनाचा?”

“बायकोचा. चर्चगेटपर्यंत. नवीन आहे.” त्याने ओळखपत्र आत सरकवलं.

काळूरामने फोटो बघितला, नंबर लिहायला घेतला आणि मान वर न करता विचारलं, “मंथली का क्वार्टरली?”

विचारायचं म्हणून विचारलं त्याने. या माणसाकडून उत्तर काय येणार हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याचा हात तीन महिन्यांच्या पासाकडे गेलाही होता. शांतारामने तोंड उघडलं. शेक सहा आठवडे. दोन महिने, फार तर तीन. त्यापुढचं धरून चालू नका. हे आकडे त्याने मुद्दाम मांडले नव्हते. जन्मभराच्या सवयीने ते आपोआप मांडले गेले आणि उत्तर जिभेवर आलं.

“मंथली,” तो म्हणाला.

काळूरामने आता वर बघितलं. “मंथली?”

“हो. मंथलीच.”

खिडकीपासून बाजूला होऊन त्याने उरलेल्या नोटा खिशात ठेवल्या, आणि पैसे वाचले की नेहमी जे बरं वाटे ते त्याला क्षणभर वाटलं. नेमकं तेच त्याला सहन झालं नाही. तो पुलाच्या जिन्याखाली जाऊन उभा राहिला. परत जावं, बदलून घ्यावा, असं दोनदा मनात आलं. पण मागे रांग वाढली होती, आणि काळूरामला सांगणार काय? माझी बायको तीन महिने जगणार आहे, असं? त्याला ते खरं वाटत नव्हतं, आणि खरं वाटत नाही याचीच त्याला लाज वाटत होती. बराच वेळ तिथे घालवून तो छत्री उघडून घरी आला.

आशालताने नवा पास कौतुकाने हातात घेतला. शांतारामचं एक उघडमिट करायचं प्लॅस्टिकचं पाकीट होतं, त्याच्या एका बाजूला त्याचा पास असे. दुसऱ्या बाजूला तिने आपला सरकवला. “एकत्रच राहू देत. माझ्या हातून हरवायचा,” ती म्हणाली आणि पाकीट घेऊन खिडकीशी उजेडात गेली. डावीकडे त्याच्या पासावर सप्टेंबरची तारीख, उजवीकडे तिच्या पासावर जुलैची. ती जरा जास्तच वेळ तिथे उभी होती.

“माझा महिन्याचाच काढलात?”

“शेक किती दिवस चालेल ते नक्की कुठे आहे,” शांताराम चप्पल काढता काढता म्हणाला. “उगाच फुकट कशाला घालवायचा.”

“बरं केलंत,” ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मग रोजचं जाणं-येणं सुरू झालं. हॉस्पिटलात तिला तळघरातल्या एका खोलीत नेत, जाड दरवाजा बंद होई, आणि थोड्या वेळाने गळ्याखाली काढलेल्या निळ्या शाईच्या खुणा पदराने झाकत ती बाहेर येई. नंतर पेढीच्या आतल्या खोलीत, कापडाच्या गठ्ठ्यांच्या मधोमध, सतरंजीवर ती आडवी होई. पहिल्याच दिवशी तिने नवऱ्याची खुर्ची बघितली. खुर्चीच्या पाठीला एक लहानशी विटकी उशी बांधलेली होती. “अहो, ही तर जितूच्या पाळण्यातली,” ती म्हणाली. “मी सगळं घर पालथं घातलं होतं हिच्यासाठी.” शांतारामने निमूटपणे चोरी कबूल केली. त्यावर ती जी हसायला लागली, ती तिला ठसका लागेपर्यंत. त्या खोलीत दुपारच्या जेवणानंतर दोघं इतकं बोलत, की घरात वर्षानुवर्षं तेवढं बोलणं झालं नसेल. गावच्या पऱ्याला पावसाळ्यात येणारा लोंढा, सासूचा दरारा, जितेंद्र पडून डोकं फुटलं तो दिवस. आजाराचं मात्र कुणीच काढत नसे.

तिसऱ्या आठवड्यात घास उतरू लागला. आधी पेज, मग मऊ भात, मग भातावर कुळथाची पिठी. ती वाटीभर जेवली त्या दिवशी शांतारामने जिन्यात उभं राहून पॉलिनबाईंना सांगितलं, आणि त्या बिचाऱ्या छातीवर क्रूस करून म्हणाल्या, “देव बघतो हां, पाष्टेभाऊ. मी रोज तिचं नाव घेते.” त्या रात्री शांतारामला भलतीच आशा वाटली. डॉक्टरांचंही कधी चुकतं, असं त्याने मनाशी पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं.

आशालताने मात्र त्या महिन्यात वेगळेच उद्योग मांडले होते. पिठी स्वतः करायची सोडून ती नवऱ्याला करायला लावी आणि आपण ओट्याशी स्टूल घेऊन बसे. “हात चालता ठेवा, गुठळ्या होतील. मीठ आत्ता नको, उकळी येऊ द्या.” त्याला वाटलं, थकते म्हणून सांगते. एका संध्याकाळी ती पॉलिनबाईंबरोबर बाजारात गेली आणि गौरीसाठी साडी घेऊन आली, हिरवी, लाल काठाची.

“आत्ता? आषाढसुद्धा लागायचाय,” शांताराम म्हणाला.

“सेल होता. गणपतीच्या तोंडावर भाव चढतात.”

“आता खरी पाष्ट्यांची सून शोभलीस,” तो म्हणाला, आणि त्याला खरोखरच आनंद झाला. तिने साडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली. कुठे ठेवली ते त्याला बोलावून दाखवलं, आणि दोन दिवसांनी पुन्हा एकदा दाखवलं.

जुलैत तिचा पास संपला. शेकाचे अजून दोन आठवडे उरले होते. त्या सकाळी दोघं जरा लवकर स्टेशनवर आले. पासाच्या खिडकीसमोर रांग होती. जवळच्या बाकावर तिला बसवून शांताराम रांगेकडे निघाला, तेवढ्यात तिने त्याच्या शर्टाची बाही धरली.

“जरा बसा.”

“अगं, रांग वाढेल. गाडी चुकेल.”

“दुसरी येईल. बसा म्हणते ना.”

तो बसला. ती रांगेतल्या माणसांकडे बघत होती. बघता बघता, भाजीचा भाव विचारावा इतक्या साध्या आवाजात तिने विचारलं, “मला कॅन्सर आहे ना?”

शांताराम तिच्याकडे वळला. “कुणी सांगितलं तुला? जितू बोलला? पॉलिनबाई?”

“तुम्ही सांगितलंत.”

“मी?”

तिने पिशवीतून ते प्लॅस्टिकचं पाकीट काढून दोघांच्या मधे बाकावर उघडं ठेवलं. “हॉस्पिटलात आजूबाजूची माणसं बघून संशय यायचा. पण तुम्ही गाठ म्हणालात, मी म्हटलं असेल गाठ. मग तुम्ही हा पास आणलात. तुमचा तीन महिन्यांचा आणि माझा एक. कॉन्रॅडच्या नोकरीचा भरवसा नव्हता, तरी त्याला तुम्ही मंथली काढू दिला नाहीत. मी दारातच उभी होते तेव्हा. काय म्हणालात त्याला? मनातून आवराआवर सुरू केलेली असते, तो मंथली काढतो.” तिने उजवीकडच्या पासावर बोट ठेवलं. “म्हटलं, यांनी माझी आवराआवर सुरू केली.”

या महिन्याभरात सगळ्यांनी जिभा सांभाळल्या होत्या. जितेंद्रने गावच्या नातेवाइकांना फोनवर दटावलं होतं. रिपोर्ट पेढीच्या कपाटात कुलपात होते. स्वप्ना सासूसमोर रडू येईल म्हणून घरी यायचं टाळत होती. आणि ज्याच्यापासून तिला जपायचं, ते शांतारामने स्वतःच्या हाताने तिला आणून दिलं होतं, पहिल्याच दिवशी. म्हणजे ती पिठी, ती साडी, ते कपाट दोनदा दाखवणं. आणि साडी बघून तो मूर्खासारखा तिला ‘खरी पाष्ट्यांची सून’ म्हणाला होता.

“माझ्या तोंडून निघून गेलं, आशा,” तो कसंबसं म्हणाला. “सवयीने निघालं. मी परत जाणार होतो बदलायला. गेलो नाही.” त्याचे डोळे वाहायला लागले आणि भर स्टेशनात, समोर ओळखीची माणसं असताना, त्याने ते पुसलेही नाहीत.

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती रागावली नव्हती. “हिशेब बरोबरच होता तुमचा,” ती म्हणाली. “किती म्हणाल्या डॉक्टरीणबाई?”

त्याने पाकीट उचलून मिटलं.

“अहो, सांगा. मला माझं सगळं मार्गी लावून ठेवायचंय. स्वप्नाला गौरीचं काही येत नाही अजून.”

“दोन महिने,” तो म्हणाला. “फार तर तीन. त्यातला एक गेला.”

ती रांगेकडेच बघत राहिली. तिच्या ओठांची जराशी हालचाल झाली. ती महिने मोजत होती, हे त्याला कळलं.

“म्हणजे गौरी नाहीत,” ती म्हणाली. आतापर्यंत सावरून धरलेला तिचा आवाज इथे फुटला. “मला वाटलं होतं, गौरी तरी मिळतील.”

तिने पदर तोंडाला लावला. शांतारामने तिचा हात हातात घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण चारचौघांत तिचा हात त्याने कधी धरला नव्हता. थोड्या वेळाने तिनेच हात सोडवून घेतला आणि डोळे कोरडे केले. “जा आता. पास काढा. शेकाची वेळ टळेल,” ती म्हणाली.

शांताराम रांगेत उभा राहिला. पुढे सातआठ माणसं होती. नेहमीप्रमाणे त्याच्या डोक्यात आकडे सुरू झाले. दोन आठवड्यांचा शेक, त्याला रोजचं रिटर्न काढण्यापेक्षा मंथली स्वस्त पडतो. शेक संपल्यावर दाखवायला अधूनमधून यायचं, त्याला सुटी तिकिटं पुरतील. हिशेब चोख होता, त्यात कुठे खोट नव्हती. शांतारामने तो पुन्हा एकदा केला, आणि पहिल्यांदाच त्याला आपल्या या हुशारीचा मनापासून राग आला.

“पाष्टेसाहेब,” खिडकीतून काळूराम म्हणाला. त्याने ओळखपत्र घेतलं. “मंथलीच ना?”

“क्वार्टरली.”

“मागच्या खेपेला मंथली नेला, म्हनून विचारलं.” काळूरामने बाकावर बसलेल्या आशालताकडे एकदा बघितलं. तो या खिडकीवर बरीच वर्षं होता, त्याला बरंच कळत असावं. आवाज खाली आणून तो म्हणाला, “साहेब, नाय लागला तर पैसे परत मिळत नाय. तुमाला काय सांगायचं.”

“लागणार आहे,” शांताराम म्हणाला. इतक्या मोठ्याने म्हणाला, की मागचा माणूस दचकला.

काळूरामने पासावर तारीख घातली. शांतारामने पैसे मोजून दिले, उरलेली चिल्लर न बघता खिशात टाकली आणि बाकाकडे येऊन पास बायकोच्या हातात ठेवला. चष्मा पिशवीत होता, म्हणून तिने तो लांब धरून वाचला. मग पुन्हा वाचला.

“ऑक्टोबर?”

“हो.”

“अहो, शेक तर याच महिन्यात संपतोय.”

“असू दे.”

तिने मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. त्याचे डोळे अजून लाल होते आणि मान ताठ होती, कॉन्रॅडवर खेकसला होता त्या दिवशी होती तशी. ती पासाकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या तोंडावर असं काही आलं, की हसू म्हणावं तर म्हणता येईल.

“पण यात गणपती मधेच येतात,” ती म्हणाली. “आपण तर गावाला असणार. दहा दिवस फुकट जातील की हो.”

“जाऊ देत,” शांताराम म्हणाला. “फुकट जाऊ देत.”